तेल कोणाचे गळत होते? ‘कार्स २’च्या पुनर्मूल्यांकनाच्या प्रकल्प नोंदी

४ मार्च

प्रकल्पाचा हेतू सुरुवातीलाच लिहून ठेवतो. पिक्सार या अमेरिकन स्टुडिओच्या, गाड्याच पात्रे असलेल्या ‘कार्स’ या सचेतनपट-मालिकेचा मी चाहता आहे असे मी इतकी वर्षे सांगत आलो, पण खरे पाहता माझे प्रेम पहिल्या आणि तिसऱ्या चित्रपटापुरतेच होते. २०११ साली आलेला ‘कार्स २’ मी एकदाच पाहिला, निराश झालो, आणि त्यानंतर त्याविषयी इतरांनी दिलेला निकाल हाच माझाही निकाल मानून मोकळा झालो. पिक्सारचा सर्वांत कमकुवत चित्रपट, खेळणी विकण्यासाठी काढलेला चित्रपट, मेटर या टो-ट्रकला अकारण नायक करणारा चित्रपट, ही तिन्ही वाक्ये मी स्वतः अनेकदा उच्चारली आहेत. त्यांपैकी कोणते माझ्या स्वतःच्या पाहण्यातून आले होते, हे आज मला सांगता येत नाही. म्हणून पुढील काही आठवडे हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहायचा, प्रत्येक प्रसंगाची नोंद ठेवायची, आणि शेवटी एक दीर्घ लेख लिहायचा असे ठरवले आहे. चित्रपट निर्दोष आहे असे सिद्ध करण्याचा मानस नाही.

५ मार्च

पाहण्याआधी ज्ञात गोष्टी एका पानावर लिहून काढल्या, कारण या चित्रपटाच्या वाट्याला आलेली निराशा समजून घ्यायची तर त्याच्या आधी काय घडले होते हे डोळ्यांसमोर हवे. ‘कार्स २’ हा पिक्सारचा बारावा पूर्ण लांबीचा चित्रपट. त्याच्या लगेच आधीच्या तीन वर्षांत ‘वॉल-ई’, ‘अप’ आणि ‘टॉय स्टोरी ३’ असे तीन चित्रपट आले होते आणि तिघांनाही सर्वोत्कृष्ट सचेतनपटाचे ऑस्कर मिळाले होते. अशा रांगेत चौथ्या क्रमांकावर उभे राहणे कोणत्याही चित्रपटाला जड गेले असते. चित्रपट मुळात २०१२ साठी जाहीर झाला होता आणि नंतर एक वर्ष अलीकडे आणला गेला. दिग्दर्शनाची जबाबदारी आधी ब्रॅड लुईस यांच्याकडे होती, पुढे जॉन लॅसेटर यांनी ती स्वतःकडे घेतली आणि लुईस सहदिग्दर्शक राहिले.

२४ जून २०११ रोजी चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला. समीक्षांची गोळाबेरीज करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’वर त्याला ४० टक्क्यांच्या आसपास अनुकूल मते मिळाली आणि नापसंतीचा शिक्का बसलेला तो पिक्सारचा पहिला चित्रपट ठरला. ऑस्करमध्ये सचेतनपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाल्यापासून नामांकन न मिळालेला पिक्सारचा पहिला चित्रपटही हाच. दुसरीकडे सुमारे २० कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात ५५ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. ही कमाई त्याच्या बाजूने कधीच मोजली गेली नाही, उलट हा चित्रपट केवळ व्यापारासाठी निघाला या आरोपाचा पुरावा म्हणूनच तिचा उल्लेख होत राहिला.

८ मार्च

पहिले पुनर्दर्शन झाले. आरंभीचा समुद्रातील प्रसंग मी पूर्णपणे विसरलो होतो. रात्रीचा काळा, जड, हेलकावणारा समुद्र, त्यात उभे असलेले तेलउपशाचे प्रचंड सांगाडे, आणि एका जहाजाच्या आधाराने तेथवर पोहोचून दोरांच्या साहाय्याने वर चढणारा फिन मॅकमिसाइल हा ब्रिटिश गुप्तहेर. १९६०च्या दशकातील ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची ठेवण त्याच्या अंगात आहे आणि मायकेल केन यांचा आवाज त्याला इतका शोभतो की हा चित्रपट त्याच्या एकट्याचा असता तर तक्रारीला फारशी जागा उरली नसती. चाके, दिवे आणि पत्रा एवढ्या सामग्रीवर हेरपटातील पाठलाग रचायचा, आणि तो कोठेही ओढूनताणून आणलेला वाटू द्यायचा नाही, हे काम अवघड आहे आणि ते येथे उत्तम झाले आहे.

याच प्रसंगात फिनचा सहकारी दाबून घन केलेल्या धातूच्या ठोकळ्याच्या रूपात समोर येतो. पुढे एका अमेरिकन हेराला छळून ठार मारले जाते. लहानथोर सर्वांसाठी खुला असलेल्या चित्रपटात हे मृत्यू आहेत, आणि पहिल्या चित्रपटाच्या संथ, उन्हात न्हालेल्या रस्त्यांवरून थेट येथे येणाऱ्या प्रेक्षकाला धक्का बसणे स्वाभाविक होते. २०११ साली मलाही तो बसला होता. मात्र तेव्हा मी त्याला दर्जाची घसरण समजलो आणि आज तो मला सुरांचा विसंवाद वाटतो. या दोहोंत फरक आहे आणि लेखात तो नीट मांडला पाहिजे.

९ मार्च

प्रसंगवार तक्ता करण्याचा बेत सोडून दिला. हेरकथा एका रकान्यात, शर्यती दुसऱ्यात आणि मैत्रीची गोष्ट तिसऱ्यात अशी विभागणी केली होती, पण महत्त्वाचा प्रत्येक प्रसंग दोन किंवा तिन्ही रकान्यांत बसतो आणि तक्ता त्याविषयी काहीच सांगत नाही. यापुढे प्रत्येक वेळी एकच प्रश्न घेऊन चित्रपट पाहीन.

१४ मार्च

आजचा प्रश्न असा होता की मेटर खरोखरच असह्य आहे का. समीक्षकांची मुख्य तक्रार हीच होती. पहिल्या चित्रपटात तोंडी लावण्यापुरता असलेला विनोदी टो-ट्रक येथे पूर्ण लांबीच्या कथेचा भार वाहतो आणि थकवतो, असे बहुतेकांचे म्हणणे होते.

मेटरचा जिवलग मित्र आणि शर्यतीची गाडी असलेला मॅक्वीन टोकियो, इटली आणि लंडन येथील शर्यतींच्या मालिकेत उतरतो. त्याआधीचा टोकियोतील स्वागतसमारंभ दोनदा पाहिला. मेटर मोठमोठ्याने बोलतो, वसाबीला आइस्क्रीम समजून भरपूर घेतो, पाहुण्यांमध्ये धावपळ करतो, आणि अखेर जमिनीवर सांडलेल्या तेलाशेजारी सापडून सर्वांसमोर मॅक्वीनला लाज आणतो. हा प्रसंग निव्वळ विनोद म्हणून पाहिला तर तो लांबलेला आहे हे मान्य केले पाहिजे. पण या खेपेस मी मेटरवरून नजर काढून मॅक्वीनकडे पाहत राहिलो. प्रत्येक विनोदानंतर मॅक्वीनची नजर आधी आजूबाजूच्या लोकांकडे जाते आणि मग मेटरकडे वळते. जिवलग मित्र चारचौघांत वावरत असताना आपले लक्ष त्याच्यापेक्षा बघणाऱ्यांवर अधिक असणे, ही भावना मी अनुभवलेली आहे आणि ती आठवली की आजही मला अपराधी वाटते. मेटर या प्रसंगात असह्य होतो, कारण त्या क्षणी तो मॅक्वीनला असह्य झालेला आहे आणि आपण मॅक्वीनच्या जागी उभे आहोत. दिग्दर्शकाने हे जाणूनबुजून केले असेल तर प्रसंग माझ्या समजुतीपेक्षा खूपच धीट आहे.

अडचण पुढे येते. शर्यतीच्या वेळी मेटर कानातील यंत्रावरून, त्याला अमेरिकन हेर समजून बसलेल्या हॉली शिफ्टवेल या ब्रिटिश गुप्तहेर गाडीशी बोलत असतो, ते बोलणे मॅक्वीन आपल्यासाठीची सूचना समजतो, आणि त्याचा प्रतिस्पर्धी फ्रान्सेस्को बर्नूली त्याच्या पुढे निघून जातो. पराभवानंतर मॅक्वीन चिडतो, ते अन्यायाचे नाही. पण या क्षणानंतर चित्रपट मॅक्वीनला जवळजवळ टाकूनच देतो. त्याच्या पश्चात्तापाला इटलीतील अंकल टोपोलिनो या वृद्ध गाडीशी झालेल्या एका शांत संवादाएवढीच जागा मिळते. भांडणाच्या दोन बाजूंपैकी एकच बाजू पडद्यावर राहते आणि तिच्यावर हेरकथेचा भार टाकला जातो.

१५ मार्च

आजची नोंद मोठी होणार आहे, कारण आज जे सापडले त्याने प्रकल्पाची दिशाच बदलली.

समुद्रातील प्रसंगानंतर कथा रेडिएटर स्प्रिंग्ज या मेटर आणि मॅक्वीनच्या गावी येते आणि तेथे ओटिस नावाच्या एका गाडीचा लहानसा प्रसंग आहे. ओटिस पुन्हा एकदा गावाच्या वेशीजवळ बंद पडला आहे, मेटर त्याला ओढून नेतो आहे, आणि वाटेत दोघे बोलत आहेत. आजवर मी हा प्रसंग मेटरच्या पुनर्परिचयापुरता समजत होतो. ओटिस ओशाळून म्हणतो की आपण नेहमी बिघडणारीच गाडी राहणार. मेटर त्याला धीर देतो, या महिन्यातील ही दहावी खेप आहे म्हणून पैसे नकोत असे सांगतो, आणि अशा गोष्टी कोणाच्याही बाबतीत घडतात असे समजावतो. त्यावर ओटिस म्हणतो की तुझे तर कधीच तेल गळत नाही. मेटर उत्तर देतो की आपणही निर्दोष नाही, आपल्या अंगावरचा गंज आता दिसू लागला आहे.

या एका वाक्यावर संपूर्ण रहस्य उभे आहे. टोकियोत सांडलेल्या तेलाचा दोष मेटरवर येतो आणि तो स्वतःही बुचकळ्यात पडतो, कारण त्याचे तेल कधीच गळत नाही. हे आपल्याला आधीच सांगितलेले असते, पण सर्व पाहुण्यांप्रमाणे आपणही त्याला दोषी मानून मोकळे होतो. ते तेल शर्यतमालिका भरवणाऱ्या सर ॲक्सलरॉड यांचे होते, आणि स्वतःला विजेवर चालणारी गाडी म्हणवणाऱ्या या गृहस्थाच्या पोटात जुने पेट्रोलचे इंजिन आहे, हे शेवटी उघड होते. म्हणजे खलनायकाचा छडा लावणारा पुरावा पहिल्या काही मिनिटांत, सर्वांत साध्या पात्राच्या तोंडून, एका मित्राचे कौतुक म्हणून दिला गेला आहे. एवढी नेटकी पेरणी मी या चित्रपटाकडून अपेक्षिली नव्हती, आणि ज्या चित्रपटाला मी आळशी म्हटले होते त्याच्याकडे मीच आळसाने पाहिले होते हे मला मान्य करावे लागते.

या प्रसंगात दुसरेही काही आहे. मेटर खजील झालेल्या गाडीशी जसा वागतो, तसे टोकियोत त्याच्याशी कोणी वागत नाही, त्याचा मित्रसुद्धा नाही.

२१ मार्च

आज केवळ खलनायकांसाठी चित्रपट पाहिला. कटात सामील असलेल्या सर्व गाड्या ‘लेमन’ आहेत. मराठीत ‘खटारा’ म्हटले की वापरून झिजलेली गाडी डोळ्यांसमोर येते. लेमन मात्र कारखान्यातूनच दोष घेऊन बाहेर पडलेली असते, तिचा स्वतःचा काही अपराध नसतो, आणि लेखात हा फरक आधी सांगितल्याशिवाय पुढचे म्हणणे कळणार नाही. ग्रेम आणि एसर यांची रूपे एएमसी कंपनीच्या ग्रेमलिन आणि पेसर या १९७०च्या दशकातील गाड्यांवरून घेतली आहेत. ह्यूगोचे रूप युगो या गाडीवरून घेतले आहे. प्रोफेसर झेड हा झुंडॅप जानूस आहे, जी गाडी १९५७ आणि १९५८ अशी दोनच वर्षे निघाली आणि जिच्यात पुढचे व मागचे प्रवासी एकमेकांकडे पाठ करून बसत. दोन तोंडांच्या रोमन देवतेचे नाव लाभलेली गाडी कारस्थानाची सूत्रधार म्हणून निवडणारी व्यक्ती गाड्यांवर मनापासून प्रेम करणारी असली पाहिजे.

इटलीतील पोर्टो कोर्सा येथील बैठकीत या गाड्यांची तक्रार ऐकू येते. जग आपल्याला हसले, आपल्याला कमी लेखले, आता जगाला तेलाशिवाय गत्यंतर राहणार नाही आणि त्या तेलाचे मालक आपण असू. ॲलिनॉल या पर्यायी इंधनावरचा विश्वास उडवण्यासाठी ते वापरणाऱ्या शर्यतीतील गाड्या भर रस्त्यात पेटवण्याचा कट त्यासाठीच आहे. मेटर त्या बैठकीत वेषांतर करून बसलेला असतो. आपल्यालाही जग हसते हे त्याला अजून समजलेले नसते, आणि ज्यांना ते फार पूर्वी समजले त्यांच्यामध्ये तो बसलेला असतो. संपूर्ण चित्रपटातील सर्वांत अर्थपूर्ण जागा हीच आहे असे मला वाटते.

माझा खरा आक्षेप येथून सुरू होतो आणि तो २०११ च्या आक्षेपापेक्षा वेगळा आहे. ओटिसचा प्रसंग लिहिणाऱ्यांना मेटर आणि या गाड्या यांच्यातील नाते ठाऊक होते. बंद पडणाऱ्या गाड्या ओढून आणणे हाच मेटरचा व्यवसाय आहे, त्यांचा प्रत्येक सुटा भाग त्याला पाठ आहे, आणि ओटिसच्याच शब्दांत सांगायचे तर अशा गाड्यांशी मायेने वागणारा तो एकटाच आहे. तरीही लंडनमध्ये अखेरची झुंज होते तेव्हा मेटर त्यांच्याशी एक शब्दही त्या नात्याने बोलत नाही. रेडिएटर स्प्रिंग्जची मंडळी येऊन त्यांना चोप देतात आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असते. मेटरला हसणे चूक आहे असे सांगणारा चित्रपट ग्रेम आणि एसर यांच्या वाट्याला तोच उपहास ठेवतो. त्यांचा गुन्हा क्षम्य ठरावा असे माझे म्हणणे नाही. पण त्यांच्या तक्रारीला उत्तर देण्याची पात्रता असलेला एकमेव जीव त्या रस्त्यावर उभा होता आणि पटकथेने त्याच्या हाती त्या क्षणी केवळ सुटकेची साधने दिली.

२२ मार्च

डोळे मिटून पार्श्वसंगीत ऐकले. पहिल्या चित्रपटातील रँडी न्यूमन यांच्या जागी येथे मायकेल जियाकिनो आले आहेत, आणि त्यांच्या गिटारच्या सुरांनी पाठलागांना जी लय दिली आहे ती निर्विवाद आहे. आणखी काही लिहिण्यासारखे नाही.

२९ मार्च

बोल्टांविषयी स्वतंत्र टिपण करतो, कारण मेटरच्या बुद्धीची खरी परीक्षा तेथे आहे.

हेरांना मिळालेल्या छायाचित्रातील इंजिन जुन्या ब्रिटिश बनावटीचे आहे हे मेटर पाहताक्षणी ओळखतो आणि त्याला व्हिटवर्थ बोल्ट आहेत हेही सांगतो. जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने १८४१ साली आट्यांचे प्रमाण सुचवले, ज्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, तर पुढे रूढ झालेल्या अमेरिकन आणि मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंशांचा. व्हिटवर्थ पान्यांवरील माप बोल्टच्या जाडीवरून दिलेले असते, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीचा पाना त्या डोक्यावर नीट बसत नाही. लंडनमध्ये मेटरच्या अंगावर बसवलेला बॉम्ब काढण्यासाठी मॅक्वीनच्या चमूतील गुइडो धावतो, आणि चाके बदलण्यात ज्याचा हात कोणी धरत नाही अशा गुइडोलाही ते बोल्ट खोलता येत नाहीत. त्याच क्षणी मेटरच्या मनात सर्व धागे जुळतात. बॉम्बचे बोल्ट, छायाचित्रातील इंजिन आणि टोकियोतील तेल हे सर्व एकाच गाडीकडे बोट दाखवत असते.

हेरपटात अनपेक्षितपणे ओढला गेलेला साधाभोळा माणूस बहुधा नशिबाने जिंकतो, आणि मेटरही तसाच जिंकला असे माझ्या स्मरणात होते. ते स्मरण चुकीचे निघाले. पाठलागांतून तो नशिबाने वाचतो हे खरे, पण रहस्य तो आपल्या कामाच्या ज्ञानाने सोडवतो. आयुष्यभर भंगारात हात घालून मिळालेले हे ज्ञान अद्ययावत उपकरणे बाळगणाऱ्या दोन्ही हेरांकडे नाही. एखाद्या कारागिराच्या नजरेला इतका सन्मान देणारा शेवट मला मुख्य प्रवाहातील सचेतनपटांत सहसा आढळलेला नाही.

५ एप्रिल

आज चित्रपट पाहिला नाही. माझ्या जुन्या रागाचे मूळ शोधत बसलो आणि ते मॅक्वीनचा गुरू डॉक हडसन याच्यापाशी सापडले.

डॉकला आवाज देणारे पॉल न्यूमन २००८ साली निवर्तले. दुसऱ्या चित्रपटात डॉक हयात नाही हे एका छोट्या, संयत प्रसंगातून कळते. मॅक्वीन आणि मेटर त्याच्या स्मृतिसंग्रहालयात जातात, शर्यतीच्या पिस्टन करंडकाला आता त्याचे नाव दिलेले आहे, आणि काही क्षणांनंतर कथा पुढे सरकते. मला तेव्हा हे क्रूर वाटले होते. ज्या पात्राने मॅक्वीनला घडवले त्याच्यासाठी एवढाच वेळ, आणि नंतर दीड तास हेरांची धावपळ. तिसऱ्या चित्रपटाने २०१७ मध्ये डॉकची आठवण कथेच्या केंद्रस्थानी आणली आणि हेरकथेकडे पूर्ण पाठ फिरवली, तेव्हा माझे म्हणणे मालिकेनेच मान्य केले असे मला वाटले होते.

आता विचार करता, दुसऱ्या चित्रपटाकडे मी शोक करण्यासाठी गेलो होतो आणि त्याने मला शोक करू दिला नाही, हे माझ्या नाराजीचे मोठे कारण होते. ती अपेक्षा गैर नव्हती. पण वेगळ्याच गोष्टीविषयी असलेल्या चित्रपटावर मी ती लादली होती, आणि त्यामुळे तो ज्या गोष्टीविषयी होता तिच्याकडे मी पाहिलेच नाही.

१२ एप्रिल

बेशुद्धावस्थेत मेटरला पडणारे स्वप्न आज आवाज बंद करून पाहिले. आधी त्याच्या नजरेतून दाखवलेले टोकियोतील प्रसंग येथे बाहेरून दिसतात. तेच चेहरे, तेच हसणे, पण आता त्यात जिव्हाळा नाही, आणि आपण सर्वांना आनंद देत आहोत असे मानणारा मेटर त्यांच्यामध्ये एकटा आहे. शब्द नसतानाही प्रसंग पूर्ण समजतो. शुद्धीवर आल्यावर, आपण मूर्खाचे सोंग केले नव्हते, आपण खरोखरच असे आहोत, हे तो फिनला सांगतो. तेथे मायकेल केन यांच्या आवाजातील अवघडलेपण ऐकण्यासाठी ध्वनी पुन्हा सुरू केला.

यानंतर मॅक्वीनची क्षमायाचना येते आणि ती मला आजही अपुरी वाटते. मेटरने स्वतःला बदलण्याची गरज नाही, जगाने बदलावे, असे तो म्हणतो. मित्र म्हणून हे त्याने म्हणणे योग्यच आहे. पण टोकियोत आपण नेमके कोणाकडे पाहत होतो आणि का, हे तो कधीच कबूल करत नाही, आणि स्फोटाची वेळ जवळ येत असल्यामुळे चित्रपटाला थांबून ते ऐकण्याची सवड नसते. हेरकथेने मैत्रीच्या कथेचे सर्वाधिक नुकसान येथे केले आहे.

१९ एप्रिल

लेखाचा पहिला खर्डा लिहिला आणि त्याचा आरंभ दोनदा बदलला. आधी आकडे आणि पुरस्कार यांनी सुरुवात केली होती, ती काढून टाकली. आता लेख ओटिसपासून सुरू होतो. एकाच चित्रपटाच्या आरंभी एवढी माया आणि अखेरीस तिचा एवढा विसर कसा पडतो, हा लेखाचा प्रश्न आहे.

एक गोष्ट खर्ड्यात घालायची राहिली होती, ती आज जोडली. वेषांतर करताना हॉली मेटरच्या पत्र्यावरचे पोचे बुजवू पाहते, तेव्हा तो नकार देतो, कारण त्यांतील प्रत्येक पोचा मॅक्वीनच्या सोबतीत पडलेला आहे. चित्रपटाच्या शेवटी हॉली रेडिएटर स्प्रिंग्जला येते आणि लंडनच्या झटापटीत पडलेला आपला पोचा तिनेही तसाच ठेवलेला असतो. प्रदर्शनाच्या वेळी मी या क्षणाकडे लक्ष दिले नव्हते. आज तो तीन वेळा मागे नेऊन पाहिला, आणि पुढच्या आठवड्यात खर्डा पुन्हा हाती घेईन तेव्हा ओटिसनंतरचा परिच्छेद त्याच्यावर लिहीन.